चोपडा, चाळीसगाव, शहादा: नव्या उल्का-रेडियंटच्या मागावर, हिवाळा २०२४-२५च्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला, पाऊस ओसरला, आता कामाला लागायला हरकत नाही. आम्ही तिघं आहोत: चोपड्यात मी, चाळीसगावला निवृत्त शिक्षक (सगळे त्यांना सरच म्हणतात) आणि शहाद्याजवळ पपईचे बागायतदार जिभाऊ. तीन गच्च्यांवर तीन कॅमेरे लावायचे, एकच उल्का दोन किंवा तीन ठिकाणांहून टिपायची, तिची कक्षा काढायची आणि जगाच्या उल्कावर्षावांच्या यादीत नसलेला एखादा उगमबिंदू, म्हणजे एका वर्षावाच्या उल्का आकाशातल्या ज्या जागेहून येताना दिसतात तो रेडियंट, हाती लागतो का ते बघायचं.

उल्का साधारण ८० ते ११० किलोमीटर उंचीवर पेटते, म्हणून ठाण्यांमध्ये बऱ्यापैकी अंतर लागतं. चोपडा ते चाळीसगाव सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, चोपडा ते शहादाही तेवढंच, चाळीसगाव ते शहादा सव्वाशे-एकशे तीस. यापेक्षा सोयीचा त्रिकोण खानदेशात आम्हाला तरी दिसला नाही.

सरांच्या मनात आधी पाटणादेवी होती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारल्याचा शिलालेख तिथलाच, त्यामुळे त्यांचा जीव तिकडे ओढ घेतो. अंधारही उत्तम आहे. पण ती जागा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते, वीज आणि इंटरनेटची शाश्वती नाही आणि रात्री कॅमेऱ्याचा डबा राखायला कोणी नाही. गावातली गच्ची थोडी उजळ असली तरी चालेल, पण रोज हात पोचला पाहिजे, असं ठरलं.

खर्च: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), मेमरी कार्ड, सोनी आयएमएक्स ३०७ सेन्सरचं कॅमेरा बोर्ड, ४ मिलिमीटरची लेन्स, सीसीटीव्हीचा बाहेरचा डबा, पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा), केबल. ठाण्यामागे सतरा-अठरा हजार. उल्का टिपणारं सॉफ्टवेअर आरएमएस, फुकट. डेनिस विडा यांनी सुरू केलेल्या ग्लोबल मिटिअर नेटवर्कचं हेच सॉफ्टवेअर जगभर वापरतात, त्यामुळे आपला डेटा इतरांच्या डेटाशी ताडून बघता येतो.

२७ ऑक्टोबर

तिन्ही कॅमेऱ्यांची तोंडं धुळ्याच्या डोक्यावर शंभर किलोमीटर उंचीवरच्या आकाशाकडे केली. चोपड्याचा पश्चिम-नैर्ऋत्येला, शहाद्याचा दक्षिण-आग्नेयेला, चाळीसगावचा उत्तर-वायव्येला. तिघांची क्षितिजापासूनची उंची पन्नास ते साठ अंशांत.

फोकसने वेळ खाल्ला. दिवसा लांबच्या टॉवरवर साधलेला फोकस रात्री ताऱ्यांवर लागत नाही. शिवाय कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड फिल्टर काढलेला असल्याने प्रकाश वेगळा येतो. शेवटी पहाटे, डबा पुरता गार झाल्यावर, लॅपटॉपवर ताऱ्याचा ठिपका बघत लेन्स केसभर फिरवायची आणि चकती आवळायची, हेच जमलं. चकती आवळताना फोकस पुन्हा हलतो, म्हणून आवळून झाल्यावरही बघायचं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. रॉकेटं आणि आकाशकंदिलांनी नोंदींचा ढीग लावला. या रात्री सरळ वगळल्या. फटाक्यांच्या धुरात तारेही पुरेसे मिळत नाहीत, मग मोजमापाला आधार राहत नाही.

१४ नोव्हेंबर

हा आठवडा वाया गेला. तिन्ही ठाण्यांवर रोज उल्का येताहेत, पण जोड्या लागत नाहीत. चोपडा-चाळीसगाव जुळतं, शहादा कशाशीच जुळत नाही. आधी वाटलं दिशा चुकली, मग लेन्स हलली असं वाटलं. ताऱ्यांवरचं मोजमाप पुन्हा केलं तर फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत तारे नीट बसले, पण कॅमेऱ्याची दिशा कालच्यापेक्षा अंशभर सरकलेली दाखवते. डबा तर जागचा हललेला नाही.

गोम घड्याळात निघाली. पायमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. जिभाऊंकडे शेतीच्या फिडरवर लाइट जाते-येते. लाइट आली की पाय लगेच उठतो आणि राउटर मागून, मधल्या काळात पाय जुनीच वेळ धरून चालतो. चार मिनिटांचा फरक म्हणजे आकाश एक अंश फिरलेलं. सॉफ्टवेअर तारे बसवतं, पण चुकीची वेळ धरून, आणि तो फरक दिशेत जाऊन लपतो. ताऱ्यांचा ताळा चांगला आला म्हणजे सगळं बरोबर, असं अजिबात समजू नका.

२१ नोव्हेंबर

तिन्ही ठिकाणी डीएस३२३१ घड्याळाचं मोड्यूल बसवलं. किंमत दोन-तीनशे रुपये, बटण सेलवर चालतं. शहाद्याला राउटर आणि पाय दोन्ही लहान इन्व्हर्टरवर घेतले. हा खर्च ठाण्यामागे पहिल्याच दिवशी धरा. शहाद्याचं मेमरी कार्डही वारंवार लाइट गेल्याने खराब झालं होतं, ते बदलताना काही रात्री गेल्या.

त्यानंतर लगेच तिन्ही ठाण्यांच्या जोड्या लागायला लागल्या. जिभाऊंचा सकाळी फोन: "कॅमेरा चालू से ना?" चालू आहे म्हटल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो आम्हा दोघांपेक्षा जास्त होता.

२९ नोव्हेंबर

काल रात्री आभाळ काचेसारखं स्वच्छ, चंद्र म्हणजे पहाटे उगवणारी बारीक कोर. आणि आज आकाशाच्या नकाशावर रेडियंटच्या ठिपक्यांचा पुंजका.

सरांचा एक नियम आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: सॉफ्टवेअर उल्केपुढे वर्षावाचं नाव लिहितं तो रकाना आधी झाकायचा. आधी आपण मोजायचं, मग नाव बघायचं. नाव आधी दिसलं की डोळे त्याच नावाकडे ठिपके ओढत नेतात.

पुंजका मृगाच्या वरच्या अंगाला, मिथुनच्या पायथ्याशी आहे: विषुवांश ९० अंशांच्या आसपास, क्रांती उत्तर १५-१६ (हे आकाशातले रेखांश-अक्षांश). वेग सेकंदाला ४२ ते ४४ किलोमीटर. वृषभेचा वर्षाव म्हणावा तर तो इतका वेगवान नसतो, सेकंदाला तीसच्या आतबाहेर. मिथुनचा म्हणावा तर तारीख लवकर आहे आणि वेगही ३५च्या घरात असायला हवा. त्यातली एक उल्का तिन्ही ठिकाणी आली: रात्री दोनच्या सुमारास, शहाद्याच्या चित्रात सरळ खाली उतरणारी, शेवटच्या दोन फ्रेममध्ये फुगलेली आणि मग काहीच नाही.

१ डिसेंबर

चाळणी लावली. पुढे काम करणाऱ्यांना हाच भाग उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चाळणी कोनाची. प्रत्येक ठाणं आणि उल्केची रेघ मिळून एक पातळी होते, आणि दोन पातळ्या जिथे छेदतात ती उल्केची खरी वाट. उल्का दोन ठाण्यांना जोडणाऱ्या रेषेच्या बाजूने धावली तर या पातळ्या मिटत आलेल्या वहीच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि मोजमापात मिनिटभर कोनाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक असली तरी रेडियंट कित्येक अंश भरकटतो. आम्ही १५ अंशांखालचे छेद वगळले. आमच्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण ४ कोनीय मिनिटं, त्यामुळे याहून सैल राहणं परवडत नाही.

दुसरी चाळणी लांबीची. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो. सहापेक्षा कमी फ्रेममध्ये दिसलेल्या उल्केच्या वेगावर भरवसा ठेवला नाही. नोव्हेंबरअखेर रात्री दोनला हा रेडियंट आपल्या अक्षांशावर जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा धुळ्यावरच्या भागात काही रेघा आखूड येतात. त्या गेल्या.

तिसरी दुरुस्ती: पृथ्वीचं फिरणं आणि तिचं ओढणं या दोन्हींमुळे रेडियंट जागचा सरकतो. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती करून भूकेंद्री रेडियंट देतं. तुलना त्याचीच करायची, आकाशात दिसणाऱ्या रेडियंटची नाही. वेगाचंही तसंच. यादीतला वेग भूकेंद्री आहे की वातावरणात शिरतानाचा, ते आधी बघा. या वेगाच्या उल्कांत त्यात दीडेक किलोमीटरचा फरक पडतो.

चाळण्यांतून पुंजक्यातल्या बऱ्याच उल्का गळाल्या, पण ज्या उरल्या त्या आणखी जवळ आल्या. हे चांगलं लक्षण. चुकीमुळे जमलेला पुंजका कचरा काढल्यावर विस्कटतो.

३ डिसेंबर

फेंगल चक्रीवादळाचे ढग, कॅमेरे आंधळे. म्हणून आज झाकलेला रकाना उघडला.

पुंजक्यापुढे तीन अक्षरं: एनओओ. नोव्हेंबर ओरायनिड्स, आंतरराष्ट्रीय यादीत क्रमांक २५०. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या दिनदर्शिकेत त्यांचा काळ १३ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर, कळस २८ नोव्हेंबरला, सौररेखांश (पृथ्वी कक्षेत कुठे आहे ते सांगणारा सूर्याचा कोन) २४६ अंश. रेडियंट विषुवांश ९१, क्रांती उत्तर १६, वेग ४४. आदर्श आकाशातही ताशी तीनच्या आसपास उल्का, म्हणून गच्चीवर झोपून बघणाऱ्याला हा वर्षाव म्हणून कधी जाणवत नाही.

म्हणजे पुंजका नवा नाही. मला मात्र या निकालाचं मनापासून समाधान आहे. नाव झाकून तीन गच्च्यांवरून मोजलेला बिंदू जगाच्या यादीतल्या बिंदूपासून अंशभरात पडला. घड्याळ, फोकस, दिशा सगळं ताळ्यावर आहे याचा याहून चांगला पुरावा आम्हाला मिळाला नसता. सर म्हणाले, "आता यादीत नसलेलं काही दिसलं तर त्याच्याकडे बघायचा आपल्याला हक्क आहे."

एक सूचना: मृगाच्या या भागात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांभाळून राहा. शृंगाश्वेचा वर्षाव (मोनोसेरोटिड्स) ५ डिसेंबरपासून चालू धरतात, त्याचा रेडियंट विषुवांश १००, क्रांती ८, वेग ४१. रेडियंट रोज पुढे सरकतो, त्यामुळे एकाची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड मिळून तिसराच वर्षाव असल्याचा भास होतो.

७ डिसेंबर

आभाळ मोकळं झालं. ५ ते ७ डिसेंबरच्या पहाटे, सौररेखांश २५४च्या आगेमागे, सिंहेत काही वेगवान उल्का एका जागेहून आल्या. विषुवांश साधारण १६८, क्रांती उत्तर १८, वेग ६८च्या जवळपास. यांच्यापुढचा रकाना उघडला तर रिकामा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते त्या सुट्या, विखुरलेल्या उल्का.

वासुकीचा वर्षाव (सिग्मा हायड्रिड्स) विषुवांश १२५वर, वेग ५८. तो लांब राहिला. डिसेंबरचा लघुसिंह वर्षाव अजून पश्चिमेला आणि उत्तरेला, वेगही ६४. यादीत जवळ काही सापडलं नाही. वहीत "संशयित" एवढंच लिहिलं.

१५ डिसेंबर

मिथुनचा वर्षाव आला तो दत्तजयंतीच्या पौर्णिमेला. चंद्र रात्रभर, आणि शहाद्याच्या कॅमेऱ्याचं तोंड नेमकं सारंगखेड्याच्या बाजूला. घोडेबाजाराच्या यात्रेचे दिवे फ्रेमच्या खालच्या पट्टीत उजळ पट्टा करताहेत. तो भाग मास्क केला, म्हणजे तिथल्या हालचालीची सॉफ्टवेअरने दखल घ्यायची नाही. यात्रा संपली की मास्क आठवणीने काढायचा, ते जिभाऊंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलं आहे.

मिथुनच्या उल्का तेजस्वी, त्यामुळे चांदण्यातही पुरेशा मिळाल्या. त्यांचा उपयोग आम्ही मापाचा दगड म्हणून केला. सरासरी रेडियंट विषुवांश ११२, क्रांती उत्तर ३३ला यायला हवा, तसा आला. भूकेंद्री वेग ३४च्या जवळ यायला हवा, तोही आला. पण वैयक्तिक वेगांचा फैलाव बघितला तेव्हा शहादा-चोपडा जोडीत तो सर्वांत मोठा निघाला. हे संशयिताच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, कारण त्यातल्या दोन उल्का याच जोडीच्या.

२८ डिसेंबर

काल अवकाळी पाऊस, काही भागात गारा. जिभाऊ पपईच्या चिंतेत असताना कॅमेऱ्याची चौकशी करायला मला संकोच वाटला, तरी त्यांनीच वर जाऊन बघितलं. डब्यात पाणी शिरलंय, केबल जिथून आत जाते त्या ग्लँडमधून. केबल वरून थेट आत नेली होती. ती आधी खाली झोल देऊन मग वर न्यायला हवी, म्हणजे पाणी झोलातून गळून जातं. काच आतून दवाळली. डबा उघडून वाळवला, ग्लँड बदलली, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. खर्च शंभराच्या आत, पण वर्षअखेरच्या अमावास्येच्या काळ्याभोर रात्री शहाद्याविना गेल्या.

५ जानेवारी २०२५

संशयिताची चौकशी. चाळण्या लावल्यावर चार उल्का उरल्या.

सर्वांत मोठी अडचण त्यांच्या जागेची. पृथ्वी आपल्या कक्षेत ज्या दिशेने धावते ती दिशा, म्हणजे अग्रदिशा, ६ डिसेंबरला सिंहेतच येते. तिकडून येणाऱ्या उल्का समोरासमोर आदळतात, म्हणून वेग ७०च्या घरात जातो. तिथे कुठलाही वर्षाव नसला तरी सुट्या उल्कांची पहाटे दाटी असते. म्हणजे आमचा पुंजका आकाशातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकात आहे. चार माणसं चौकात एकत्र उभी दिसली म्हणून ती एका घरची ठरत नाहीत.

दुसरी अडचण वेगाची. ६८ किलोमीटरच्या वेगाने उल्का एका फ्रेममध्ये पावणेतीन किलोमीटर जाते. फ्रेमच्या आत तिचं टोक नेमकं कुठे धरायचं, यावर वेग किलोमीटरभर इकडेतिकडे होतो. संथ उल्केत एवढ्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र तेवढ्या फरकाने कक्षा लांब लंबवर्तुळाची होते किंवा सूर्यमालेच्या बाहेरचीच ठरते. आमच्या चौघींपैकी एकीची तशी ठरलीसुद्धा. कक्षांचं साम्य मोजायची साउथवर्थ-हॉकिन्स कसोटी १९६३ पासून वापरात आहे. ती लावली, पण कक्षाच अशा डळमळीत असताना तिच्या आकड्यावर आम्ही भार टाकला नाही.

मग योगायोगाची परीक्षा घेतली. २५ नोव्हेंबर ते २० डिसेंबरच्या सगळ्या सुट्या उल्कांचे रेडियंट सूर्याच्या जागेपासून मोजले, म्हणजे रोजचं सरकणं निघून जातं. त्यांच्या तारखा पिसल्या आणि प्रत्येक वेळी विचारलं: तीन अंशांत, दोन किलोमीटर वेगफरकात, लागोपाठच्या दोन पहाटेंत चार उल्का जमतात का? लहानसा पायथन प्रोग्रॅम, रात्रभर चालू ठेवला. अशी चौकडी नुसत्या योगायोगाने इतक्या वेळा जमली, की तिच्यावर दावा करणं बरोबर नाही. हीच परीक्षा नोव्हेंबर ओरायनिड्सवर लावली तेव्हा योगायोग त्यांच्या जवळपासही फिरकला नाही.

१९ जानेवारी

तिघांचं फोनवर बोलणं झालं. दोघांनी म्हटलं, निदान ईमेल तरी करूया. मी विरोधात होतो आणि आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या उल्का डेटा केंद्राकडे नवा वर्षाव नोंदवायचा तर मोजमापांसकट लेख लागतो, आणि चार उल्कांवर, त्याही अग्रदिशेच्या, लेख लिहिला तर यादीत आणखी एक कच्ची नोंद वाढेल. यादीतल्या अशा नोंदी तपासून बाद करण्यात लोकांची वर्षं गेली आहेत. शेवटी सरांनी मत बदललं. जिभाऊ म्हणाले, "पुढल्या साली पुन्हा दिसनं ते मग बोलूत." तसंच ठरलं.

बदल करायचे ते असे. शहाद्याच्या कॅमेऱ्याचं तोंड सारंगखेड्याच्या रेषेतून थोडं पूर्वेला घ्यायचं. चौथं ठाणं साक्रीला बघायचं, कारण शहादा-चोपडा जोडीचा कमकुवतपणा तिथून भरून निघतो. पहाटेच्या वेगवान उल्कांसाठी चाळीसगावला जास्त फोकल लांबीची दुसरी लेन्स: आकाश कमी मिळेल, पण पिक्सेल बारीक होईल आणि वेग नीट धरता येईल. यापुढे अग्रदिशेच्या संशयितासाठी तीन ठाण्यांवरून दिसलेल्या उल्काच धरायच्या, दोनवरच्या नाहीत.

तारखा काढून ठेवल्या आहेत. सौररेखांश २५३ ते २५६ म्हणजे २०२५ मध्ये ५ ते ८ डिसेंबर. पण पौर्णिमा ४-५ डिसेंबरला आहे, त्यामुळे त्या पहाटे मोठा चंद्र डोक्यावर राहील आणि मंद उल्का बुडतील. नोंदी घेऊच, पण उल्का आल्या नाहीत म्हणून संशयित बाद करायचा नाही. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला येते. खरा निकाल त्या वर्षी. तोवर नोव्हेंबर ओरायनिड्ससाठी २८ नोव्हेंबर २०२५ची रात्र चांगली आहे, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांत कोणी गच्चीवर कॅमेरा लावणार असेल तर त्याचं तोंड धुळ्याच्या आकाशाकडे ठेवा आणि घड्याळाचं मोड्यूल पहिल्या दिवसापासून बसवा.